बाबांसाठी राखलेल्या गमती

मी पिवळ्या पुठ्ठ्याची एक साधी वही बोलतेय. सिंगापूरमधल्या पाया लेबारच्या मॉलमधून शिरीषरावांनी मला घेतलं आणि इंग्लंडात लीड्सला शिकायला निघालेल्या लेकीच्या, वल्लरीच्या हातात ठेवलं. “तिथल्या गमतीजमती लिहून ठेव गं. आलीस की बसून वाचू.”

ती खरंच लिहायची. घरमालकीण रोज जिन्यात विचारायची, “ऑल राइट?” तिकडे हा नुसता रामराम, पण वल्लरी बिचारी थांबून घसा दुखतोय, झोप झाली नाही, सगळं सांगायची. तोवर बाई खाली पोचलेली असायची. एकदा त्याच बाईने ‘टी’ला बोलावलं. ही पोटभर जेवून चहाला गेली, तर समोर मटार-बटाट्यांनी भरलेलं ताट! तिकडे संध्याकाळच्या जेवणालाच टी म्हणतात. कॅन्टीनमध्ये तिने आपल्या सिंगापूरच्या सवयीने टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल धरलं. जेवण घेऊन आली, तर तिथे चौघे बसलेले. एकाने उठून अदबीने पाकीट तिला परत दिलं, “हे तुमचं राहिलं होतं.”

लिहिताना ती एकटीच हसायची आणि माझ्यावरच्या ओळी वाकड्या व्हायच्या.

रविवारी बाबांचा फोन यायचा. “काय, नवीन गंमत?”

“बाबा, असाइनमेंट आहे हो. आल्यावर सगळं एकदम सांगते.”

“बरं बरं. पण लिहितेयस ना?” एवढं विचारून ते फोन ठेवायचे.

मार्चमध्ये हार्बरफ्रंटच्या ऑफिसात त्यांच्या छातीत कळ आली. वल्लरी विमानात होती, तेव्हाच ते गेले.

घरी, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये, तिने मला बॅगेतून काढलंच नाही. तेरावं झाल्यावर तिच्या आईने, साधनाने, मला शोधून तिच्यापुढे ठेवलं.

“वाच.”

“आई, नको ना.”

“ते रोज विचारायचे गं, कधी येतेय वल्लू. मला तरी ऐकू दे.”

वल्लरी वाचू लागली. टिश्यूच्या पाकिटापाशी साधनाला हसू फुटलं, कितीतरी दिवसांनी. हसता हसताच तिने आतल्या खोलीकडे मान वळवली, “अहो, ऐकलंत का?”

मग वल्लरीने मला मिटलं.

आता मी शिरीषरावांच्या कपाटात, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टांवर असते. माझी निम्मी पानं कोरी आहेत. राहू देत. तुमच्या घरी कुणी गंमत ऐकायला थांबलं असेल, तर ती माझ्यासारख्या वहीच्या पोटात साठवू नका. आत्ताच फोन लावा.