माळ्याची भिंत

माहुलच्या कोळीवाड्यात महादूचं एकच माप: जड ते खरं. घोळ मासा जड हवा, बायको मंजुळाच्या गळ्यातलं जड हवं, आणि स्वतःचं बोलणं तर असं की ऐकणाऱ्यानं खांदा बदलून घ्यावा. त्यामुळे मुलगा प्रज्योत आणि सून विनिता यांच्यासाठी घरावर माळा चढवायचं ठरलं, तेव्हा भिंती विटेच्याच, हे त्यानं कुणाला न विचारता ठरवून टाकलं.

कंत्राटदारानं नकारार्थी मान हलवली. घर खाडीच्या गाळावर, आधीच एका अंगाला कललेलं. मोरीचं दार खांद्यानं ढकलल्याशिवाय लागत नाही. वर विटेचा भार घातलात तर मी हात वर करीन, म्हणाला. आणि माळा नाही, तर प्रज्योतचं बिऱ्हाड विक्रोळीला भाड्याच्या खोलीत. त्या दिवसापासून मंजुळा मासळी साफ करायची तीसुद्धा गप्प. गप्प बसणं तिच्या नावावर आजवर कधी जमा नव्हतं.

मग विनितानंच कुठूनसा पांढरा ब्लॉक आणला. राखेचा, पावासारखा फुगवलेला.

महादूनं तो उचलला आणि हसलाच. "ही भिंत? हिला आमचा बोका पन ढकलील!"

"बाबा, हलकी आहे म्हणून तर आणली ना. घराला झेपेल."

"हलका नि हलकट, एकाच घरातले गो. चल, नांगराला तरी कामी येतो का बघू."

छोट्या होडीला तो नांगर म्हणून दोरीला दगडच बांधायचा. दगडाच्या जागी त्यानं ब्लॉक बांधला आणि धक्क्यावरून भरतीच्या पाण्यात भिरकावला.

ब्लॉक गडप झाला. आणि वर आला.

महादूनं दोरी ओढून पुन्हा फेकला. पुन्हा वर. मग तो स्वतः पाण्यात उतरला, दोन्ही हातांनी त्याला खांद्यापर्यंत खाली दाबलं आणि सोडला. अंगावरून पाणी निथळत ब्लॉक परत वर आला. धक्क्यावर जाळी शिवणारे हात थांबले. दगड, लोखंड, जे पडेल ते गिळणाऱ्या त्या खाडीच्या छातीवर भिंतीचा तुकडा बगळ्यासारखा बसला होता.

"भिंत तरंगते," महादू कुजबुजला. त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं हलकं वाक्य असावं.

विनिता घाबरली. तरंगतं ते ओहोटीला जातं, हेच आता ऐकावं लागणार. "बाबा, बांधल्यावर ती पक्की बसते, वाहून—"

"गप गो." त्यानं ब्लॉककडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, मग कललेल्या घराकडे. "होडीत बर्फ कुठं भरतो आपन? तळाला. वर भार झाला की उलटते. घर पन गाळावरच हाय. खालच्या विटेला हात लावायचा नाय. वर हीच."

"आणि जड जाळं टांगायला खिळा? तो हिच्यात टिकेल?" धक्क्यावर येऊन उभ्या प्रज्योतनं डिवचलं.

"जाळं खाली टांग. वर नुसता झोप."

तोवर हे सगळं दारातून पाहून मंजुळा घरातून हळदकुंकू घेऊन आली होती, नव्या होडीला लावतात तसं. महादूनं धक्क्याच्या कडेवर ठेवलेल्या ओल्या ब्लॉकला तिनं बोट टेकवलं.

"आई, भिंतीला कशाला?" विनितानं विचारलं.

"पान्यानं घेतली नाय तिला," मंजुळा म्हणाली, आणि पदर डोक्यावर ओढून तिनं हात जोडले. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या महादूनं टोपी काढली.