सात नंबरच्या खुंटीवरचे हातमोजे

कुपवाडच्या आमच्या शीतगृहात मटार आणि मक्याचे दाणे उणे अठरावर झोपतात. माणसांना मात्र तिथं सलग वीस मिनिटांवर थांबू द्यायचं नाही, मग दहा मिनिटं बाहेर, असा नियम. कोण कधी आत गेला, कधी बाहेर आला, हातमोजे दिले का, हे लिहायला मी दाराशी बसतो. माझ्या वहीत मोकळा रकाना सापडायचा नाही.

आत खोकी हलवणारे भाऊसो जतकडचे. पन्नाशीपर्यंत मेंढरांमागं हिंडले, गुडघे बोलायला लागले तेव्हा इथं आले. घरी बावीस मेंढरं अजून होती आणि संक्रांत झाली की ती कातरायला रजा घेऊन जायचे. मोबाईलवर त्यांनी मला दाखवलं होतं. कातर अशी चालायची की मेंढरू डोळे मिटून पडलेलं.

हातमोज्यांशी मात्र त्यांचं वैर. म्हणायचे, "आवं सुमंतराव, ह्यात बोटं हायत का न्हाईत तेच कळत न्हाई. खोक्याची पट्टी कशी घावायची?"

"मग बोटं नाहीत असं लिहू का वहीत?"

"लिवा की. पुसातली थंडी उघड्या माळावर काढलीया आमी. ही तर बटनावरची थंडी."

सही करायचे आणि हातमोजे सात नंबरच्या खुंटीवर तसेच ठेवून आत जायचे. मला दिसायचं. मी 'दिले' असं लिहायचो. दिले तर होतेच.

डिसेंबरात एका सकाळी गोव्याची गाडी दाराशी खोळंबली आणि खोकी उचलायचं यंत्र बंद पडलं. सगळा माल हातानं काढायचा होता. भाऊसो आत पन्नास मिनिटं होते. वहीत मात्र मी त्यांना मधे दहा मिनिटं बाहेर काढलं.

ते बाहेर आले तेव्हा बोटांची टोकं मेणबत्तीसारखी पांढरी होती. "लाकूड झालंय गड्या," ते हसत म्हणाले आणि शेडमागं गाडीच्या ड्रायव्हरनं पेटवलेल्या शेकोटीकडं गेले.

दारावर पाटी आहे, 'बधिर हात कोमट पाण्यात धरा, आगीजवळ नेऊ नका.' ती मीच रंगवून घेतली. पण भाऊसोंनी जन्मभर तळावर हात शेकले ते एकाच हिशेबानं, चटका बसला की काढायचे. त्या सकाळी ते चटक्याची वाट बघत बसले. ड्रायव्हरशी पावसापाण्याचं बोलणं चाललं होतं. कातडं करपल्याचा वास आला तो आधी मला, दाराशी.

मिरजेच्या दवाखान्यात उजव्या अंगठ्याचं टोक आणि शेजारच्या दोन बोटांची टोकं काढावी लागली.

मॅनेजर मानसिंग यांनी वही चाळली. "हातमोजे दिलेत, वीस-वीस मिनिटं, मधे विश्रांती. त्यांचीच चूक म्हणायची. सुमंतराव, तुमची वही म्हणजे वही."

मी 'हो' म्हटलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी वही पिशवीत घालून मी भाऊसोंच्या वस्तीवर गेलो. त्यांच्यासमोर वहीत विसाचे पन्नास करायचे, असं ठरवूनच निघालो होतो. अंगणात त्यांच्या बायको अंबूबाई मेंढी कातरत होत्या. लोकर तुकड्या-तुकड्यानं निघत होती. भाऊसो कोपरानं मेंढीची मान दाबून बसले होते.

"या. वही घिऊन आलाय जनू?" पिशवीकडं बघून ते म्हणाले. "काय लिवलंय म्हाताऱ्याचं?"

"वीस मिनिटं."

"मग वीसच आसतील. आत कुणी घड्याळ बघितलंय?"

मेंढीला कातर लागली. ती दचकली, पोटाजवळ रक्त आलं. भाऊसोंचा उजवा हात सवयीनं कातरीकडं गेला. अंबूबाईंनी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोनदा धरून पाहिली, मग खाली ठेवली.

"हळद आण," ते बायकोला म्हणाले.

मी वही न काढताच पिशवी मांडीवरून उचलून मागं सरकवली.