जळक्या कडेची पोथी

मी एक जुनी चामड्याची पोथी आहे. मित्रांनो, जवळ या, पण आधी हात दाखवा. लसणाचा वास येतोय का ते बघते. रागावू नका. इतक्या शतकांत ज्यांनी मला प्रेमानं जवळ घेतलं, त्यांनीच माझं वाटोळं केलं.

ओड नदीकाठच्या मेंढ्यांचं कातडं चुन्यात भिजवून, खरवडून माझी पानं झाली. पीर नावाच्या लेखनिकानं त्यांवर एका परागंदा सरदाराची गोष्ट पद्यात लिहिली. तीही चर्चमधल्या लॅटिनमध्ये नव्हे, बाजारात भांडताना बोलतात त्या आमच्या ओक बोलीत. पुढे एक धर्मगुरू मला वाचता वाचता पेंगले आणि मेणबत्ती कलंडली. निरोप घेताना सरदार बायकोला जे बोलतो, नेमक्या त्याच ओळीत भोक पडलं. तीन शब्द गेले.

मग एका सावकाराच्या गढीत एका नकलकारानं माझ्यावरून सोनेरी अक्षरांची नक्कल उतरवली. भोकाशी आल्यावर त्या नकलकारानं ना जागा सोडली, ना खूण केली. पुढचा शब्द मागच्याला चिकटवून तो मोकळा झाला. तेव्हापासून कुणी "काय सुंदर अक्षर" म्हणालं, की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

माझी शंका खरीच ठरली. प्राध्यापक कास्तेल आम्हा दोघींना पडताळायला आले. चुका सारख्या, म्हणजे एक दुसरीवरून उतरवलेली, हे त्यांनी बरोबर ओळखलं. पण कोणती कोणावरून? त्यांनी तिचं सोनं पाहिलं, माझं भोक पाहिलं आणि म्हणाले, "आई कोण नि लेक कोण, हे तोंडावरूनच कळतंय की."

झालं. सोनेरी आई ठरली आणि मी लेक. पोथ्या पडताळून पुस्तक छापणाऱ्यांचा रिवाजच आहे, मूळ हाती असताना नकलेची साक्ष काढायची नाही. मी ग्रंथालयातल्या पत्र्याच्या पेटीत गेले. छापील पुस्तकात सरदार बायकोशी एक शब्द न बोलता घोड्यावर बसला. कवीनं त्याला मुद्दाम अबोल ठेवलाय, अशी टीपही कास्तेल यांनी खाली दिली. शाळेतली पोरं ती पाठ करू लागली. मला फार वाईट वाटायचं, पण चामड्याला रडणंही परवडत नाही.

बऱ्याच वर्षांनी कास्तेल यांची शिष्या ऑदिल रुकेत नवी आवृत्ती काढायला आली. सोबत सोनेरीचे फोटो होते. आमचे ग्रंथपाल बास्तीद यांनी मला पेटीतून काढलं आणि थेट कात्री उचलली. माझा जीव टांगणीला लागला.

"ही काळी कड कातरतो आणि मागून छान ठिगळ लावतो," ते म्हणाले. "पाहुण्यांसमोर फाटका सदरा बरा दिसतो का?"

"थांबा हो बास्तीदसाहेब. आधी मला बघू द्या."

"बघून काय करणार, बाई? नक्कलच ती. तुमच्याच गुरुजींनी सांगितलंय ना?"

"म्हणूनच बघते."

हिचाही मला भरवसा नव्हता. गुरूचं नाव राखायला लोक काय काय करतात, मी पाहिलंय. तिनं मला खिडकीशी धरलं आणि भोकाच्या कडेवरून भिंग फिरवलं. त्या जळक्या कडेवर अर्धी अक्षरं अजून शिल्लक होती. कुणाचं डोकं, कुणाचा पाय. मग तिनं सोनेरीचा फोटो शेजारी ठेवला. तिथे ओळ सलग होती आणि तीन शब्द नव्हते.

"हिच्यात शब्द होते, ते नंतर जळले," ती हळूच म्हणाली. "आणि तिच्यात कधीच नव्हते. ही आई आहे, बास्तीदसाहेब. कात्री चालवली असती, तर पुरावा केराच्या टोपलीत गेला असता."

बास्तीद यांनी कात्री खणात टाकली. मी अजून त्या खणावर नजर ठेवून असते.

गुरूला खोटं पाडणं ऑदिलला जड गेलं, पण तिनं ते छापलं. नव्या पुस्तकात मी आधी आहे, सोनेरी माझ्यामागे. निरोपाच्या ओळीत मात्र नुसती टिंबं आहेत.

"घाला की तीन शब्द तुमच्या मनाचे," बास्तीद म्हणाले होते. "पोरांना बरं वाटेल. कोण विचारायला येतंय?"

"सरदाराच्या बायकोला काय सांगू मग?" ती म्हणाली.

तेव्हा कुठे मी तिच्यावर विश्वास ठेवला.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नीटनेटकं करायला कुणी कात्री घेऊन आलं, तर आधी त्याचा हात धरा. आणि ते तीन शब्द मला विचारू नका. माझ्याच अंगावर लिहिले होते, पण जे जळलं ते मलाही आठवत नाही. तो काहीतरी बोलला होता, एवढंच माझ्या कडेला उरलंय. काय बोलला ते आपल्याला ठाऊक आहे असं कुणी सांगू लागलं, तर आधी त्याला पुरावा मागा.