चिमूटभर वेलची

शंतनूनं क्रिस्टिनाशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा सिएटलजवळच्या बॉथेलमधल्या त्याच्या घरात म्हणावा तसा भूकंप झाला नाही. त्याच्या आईनं, वीणानं, दुसऱ्याच दिवशी मुलीच्या बांगड्यांचं माप मागितलं. अडचण आली ती पलीकडून. क्रिस्टिनाला तिच्या आजीनं वाढवलेलं. या बिर्गिताआजी तरुणपणी स्वीडनहून सिएटलला आलेल्या, आणि "घर बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही" असं त्यांनी कळवलं होतं. त्यांच्या होकाराशिवाय क्रिस्टिना पुढं जाणार नव्हती.

"म्हणजे आता मुलाकडच्यांनी दाखवून घ्यायचं," वीणाचा नवरा उल्हास म्हणाला. "पोहे करतेस?"

"काहीतरीच काय! त्यांचेच स्वीडिश बन करणार. परक्या घरी आल्यासारखं वाटायला नको त्यांना."

क्रिस्टिनानं आजीची रेसिपी फोनवर पाठवली. वीणानं ती वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"टायपो आहे. मोठे दोन चमचे वेलची! एवढ्यात अख्ख्या लग्नाचं श्रीखंड होईल."

"आई, जे लिहिलंय ते कर ना यार," शंतनू म्हणाला.

"तू गप्प बस. ऑफिसच्या पॉटलकला मी साखरभात नेला होता. दोन लवंगा होत्या त्यात. आमच्या मॅनेजरनं पाणी मागितलं."

गोऱ्या माणसाला जेवायला घालणं म्हणजे उष्टावणाच्या बाळाला भरवणं, हे तत्त्व वीणानं अमेरिकेत इतकी वर्षं पाळलं होतं आणि आजवर एकाही पाहुण्याला ठसका लागू दिला नव्हता. तिनं चार वेलदोडे सोलले, दाणे साखरेबरोबर मिक्सरमधून वस्त्रगाळ केले, आणि त्यातली चिमूटभर पूड पिठात घातली. सालं चहाच्या डब्यात गेली.

शनिवारी आजी आल्या. उंच, ताठ, दारातच बूट काढणाऱ्या. बूट काढले म्हणून वीणाचं निम्मं मन जिंकलं. कॉफी आली. आजींनी बनचा घास घेतला. चावला. बन उलटा करून खालून पाहिला. मग क्रिस्टिनाशी स्वीडिशमध्ये काहीतरी बोलल्या आणि क्रिस्टिना कानापर्यंत लाल झाली.

"काय म्हणाल्या?" वीणानं विचारलं.

"नथिंग."

"शंतनू, काय म्हणाल्या?"

शंतनूनं क्रिस्टिनाकडे पाहिलं. तिनं त्याच्या कानात सांगितलं. तो म्हणाला, "त्या विचारतायत, वेलची संपली होती का?"

वीणा खुर्चीवर बसली. म्हणजे ती बसलेलीच होती, पण पुन्हा बसली. एका गोऱ्या बाईनं तिच्या स्वयंपाकघरात तिला मसाला कमी पडल्याचं सांगितलं होतं.

आजी आता सरळ इंग्रजीत बोलल्या. "माझी आई असे बन वसुलीवाल्यांना द्यायची. लवकर उठावेत म्हणून. माझी नात तुम्हाला नको असेल तर तसं सांगा."

"अहो, नाही हो!" वीणा मराठीतच ओरडली, मग इंग्रजीवर आली. "मला वाटलं तुम्हाला सोसणार नाही."

"काय सोसणार नाही?"

"वेलची."

"आम्हाला?" आजींनी कप खाली ठेवला. आता धक्का बसायची पाळी त्यांची होती. "कुठाय तुमची वेलची?"

वीणानं बरणी आणली. आजींनी झाकण उघडून वास घेतला आणि पहिल्यांदाच मान डोलावली. बाह्या वर सारून त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. मिक्सर त्यांनी हातानंच बाजूला सारला. खलबत्त्यात दाणे जाडेभरडे कुटले, निम्मे कोमट दुधात टाकले, निम्मे लोण्यात, आणि सालं सरळ कचऱ्यात.

"सालं टाकली!" वीणा उल्हासच्या कानात म्हणाली.

"टाकू दे. मुलाचं लग्न आहे."

पीठ फुगेपर्यंत दोघी समोरासमोर बसल्या. आजींनी विचारलं, क्रिस्टिनाला ताप आला तर काय कराल? वीणा म्हणाली, मऊ भात, वर तूप, आणि ऑफिसला मी फोन करीन, तिला करू देणार नाही. त्यावर आजी उठून पिठाच्या पट्ट्यांना गाठी मारून बन वळायला लागल्या.

दुसरा घाणा ओव्हनमधून निघाला तेव्हा वास शेजारच्या ड्राइव्ह-वेपर्यंत गेला असावा. आजींनी एक बन खाल्ला, हात पुसले आणि नातीला म्हणाल्या, "कर लग्न. माणसं चांगली आहेत. फक्त ही शिकेपर्यंत इथं बन खाऊ नकोस."

"मी शिकायचं?" वीणा मराठीत पुटपुटली. "वेलची? हिच्याकडून?"

"हळू," उल्हास म्हणाला. "आता ती तुझी विहीण आहे."

वीणानं रागारागानं एक बन तोडला आणि तोंडात टाकला. दातांखाली दाणा फुटला आणि तिचं चावणं थांबलं. दिवसभरात बसलेला हा सगळ्यात वाईट धक्का होता. तिनं दुसरा घेतला नाही. म्हणजे, सगळ्यांसमोर घेतला नाही.