छातीत उतरणारी दुर्बीण

मी बोलतेय ती छातीत उतरणारी दुर्बीण. करंगळीहून बारीक, हातभर लांब, टोकाला दिवा आणि मुगाएवढा डोळा. कारखान्यात हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. तेव्हापासून आजवर उघड्या हाताचा स्पर्श मला माहीत नाही.

काम झालं की मला धुतात, वाळवतात आणि काचेच्या कपाटात उभी टांगतात. ज्यांच्या इतकं आत जाऊन येते, त्यांना गुंगीमुळे मी आठवतही नाही. एवढी जवळीक आणि ओळख शून्य!

एकदा एक मावशी आल्या, तेव्हा त्यांच्या तापाचा सातवा दिवस होता. ऑक्सिजन लावलेला, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर पांढरे ढग. नवरा आणि मुलगा परगावी, सोबत फक्त नवी सून.

"नाकात दोनदा काडी घातलीत की!" मावशी धापा टाकत म्हणाल्या.

"पण अहवाल धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखाच."

सगळे हसले. सून सोडून.

डॉक्टरीणबाईंनी तिला माझ्या कपाटापाशी घेतलं. "विषाणू नाकातून खाली उतरला असावा. फुप्फुसात पाणी सोडून ते परत ओढून तपासलं तर कळेल. पण दुर्बीण घालताना श्वास आणखी खालावू शकतो. नाही घातली, तर औषध अंदाजानेच द्यायचं. त्यांची सही झालीय, घरच्यांचीही लागेल."

"मी करू? मला या घरात येऊन दोनच महिने झालेत. काही झालं तर..."

"कर गं सही," पलंगावरून आवाज आला. "भाजीत मीठ किती विचारतानाचं तोंड नको करूस."

तिने सही केली.

मी उतरले. आत सगळं लाल, सुजलेलं. माझ्यातून खारं पाणी सोडलं, परत ओढून घेतलं. ऑक्सिजनचा आकडा घसरत चौऱ्याऐंशीवर आला. "थांबा," आकडा बघणाऱ्या सिस्टर म्हणाल्या. मी होते तिथेच थांबले. आकडा मुंगीच्या पावलांनी वर चढला. मी बाहेर आले तेव्हा दाराच्या काचेपलीकडे सून भिंतीला टेकून एकटीच उभी होती.

त्या पाण्यात विषाणू सापडला, नेमकं औषध सुरू झालं. त्यानंतर दहाव्या दिवशी मावशी आपल्या पायांनी घरी निघाल्या. माझ्या कपाटासमोरून गेल्या, पण बघितलंही नाही. सून मात्र रेंगाळली.

"हीच का ती?" तिने सिस्टरना विचारलं. "भीतीने मी कागद न वाचताच सही केली. सासूबाईंना सांगू नका हं."

मी कुणाला सांगणार! तुमची-माझी गाठ कधी न पडो. पडलीच, तर सगळे रोग्याभोवती गोळा होतील. तुमच्यातल्या एकाने तरी सही करणाऱ्यापाशी जाऊन उभं राहावं.