आई, त्याला सांग

मी बोलतेय, मी एक मोटारबोट. बोटीने बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल, पण ज्या घराची मी होते त्या घरात माणसांनीच बोलणं टाकलं होतं, तेव्हा कुणीतरी तोंड उघडायला हवंच होतं. आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट गोड नाही. गोड ऐकायची असेल तर रंगरंगोटी केलेल्या पुष्कळ बोटी धक्क्यावर डुलत उभ्या आहेत, त्यांच्याकडे जा.

माझा जन्म एका सुताराच्या शेडमध्ये झाला. त्याने माझा सांगाडा उभा केला, बाहेरच्या फळ्या ठोकल्या आणि त्याची पाठ धरली, ती कायमचीच. मी अर्धवट पडून राहिले. माझ्या पोटात एक कोंबडी अंडी घालू लागली. मग एक दिवस चष्म्याचं दुकान चालवणारा एक गृहस्थ आला. त्याने वाकून आत पाहिलं, कोंबडीला हळूच उचलून बाहेर ठेवलं आणि सुताराला म्हणाला, "ही मी नेतो."

नंतरची काही वर्षं तो रोज संध्याकाळी दुकान बंद करून माझ्याकडे येई. बायको शेजारी स्टुलावर बसून माझ्या बाकांसाठी गाद्या शिवायची. दोन मुलगे सँडपेपर घेऊन मला घासायचे. थोरला एकच फळी तासभर घासायचा, धाकटा तेवढ्यात अर्धी बोट उरकायचा, आणि त्यावरून दोघांची रोज जुंपायची. "दादा, तू काय आरसा करणार आहेस का?" "आणि तू काय, भिंत खरवडतोयस का?" मला वाटायचं, काय ही कटकट! आता वाटतं, तशी कटकट पुन्हा कानावर पडली तर मी आनंदाने फुटून जाईन.

एक जुनं डिझेल इंजिन मिळालं. ते माझ्या पोटात बसलं आणि मी बोट झाले. तोवर मी नुसतं लाकूड होते, हे माझं मलाच तेव्हा कळलं.

दर वर्षी एक आठवडा आम्ही आखात फिरायचो. आखाताला दोन नद्या मिळतात आणि काठाने चार बंदरं आहेत. एका बंदरात सकाळपासून बर्फ फोडण्याचा आवाज असतो आणि मासळीचे क्रेट पायाने ढकलत नेतात. दुसऱ्यात धान्याची उंच कोठारं आहेत, तिथे पाण्यावरसुद्धा भुशाची साय असते. तिसरं नुसतं एक पंप, एक टपरी आणि झोपलेला कुत्रा. चौथ्यात पायऱ्या थेट बाजारात जातात. मोठ्या नदीतून आम्ही रेल्वेच्या पुलापर्यंत वर जायचो. धाकटी नदी उथळ, तिच्या तोंडाशी गाळाचे पट्टे दर वर्षी जागा बदलतात.

चष्मेवाल्याची एक रीत होती. एकाने पुढच्या टोकाला खुणा केलेली काठी घेऊन उभं राहायचं, पाण्याची खोली बघायची आणि ओरडून सांगायचं. सुकाणूवरच्याने तेच शब्द मोठ्याने परत म्हणायचे आणि मगच चाक फिरवायचं. "डावीकडे घे." "डावीकडे घेतो." मुलं कंटाळायची. तो म्हणायचा, "इंजिनाच्या धडधडीत ऐकल्यासारखं वाटतं, पण ऐकलेलं नसतं." या रीतीमुळे इतक्या वर्षांत मी एकदाही कुठे रुतले नाही.

मग तो गेला. मुलं मोठी झाली होती, त्यांची लग्नं झाली होती. थोरल्याने एका सकाळी जाऊन वडिलांचं दुकान कायमचं बंद केलं, काचेची कपाटं कुणाला तरी देऊन टाकली. धाकट्याला ते रस्त्यात एका गिऱ्हाइकाकडून कळलं. त्या माणसाच्या चष्म्याची दांडी मोडली होती आणि तो विचारत होता की आता जायचं कुठे. धाकटा तडक भावाच्या घरी गेला. "मला एका शब्दाने सांगितलं नाहीस," तो म्हणाला. थोरला म्हणाला, "सांगायला तू बाबांच्या आजारपणात कधी फिरकलास?" दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, आणि तेच वाईट. त्या दिवसापासून बोलणं बंद.

बंद म्हणजे कसं, तर रविवारी दोघं आईकडे जेवायला येत, एकाच टेबलाला बसत. मिठाची बरणी थोरल्याच्या कोपरापाशी असायची. धाकटा म्हणायचा, "आई, त्याला सांग, मीठ दे." आई म्हणायची, "अरे, मीठ दे म्हणतो." मग बरणी सरकायची. बाई हेसुद्धा करायची. ती करत राहिली म्हणून त्यांचं भागत गेलं.

मी तीन वर्षं ताडपत्रीखाली होते. मग एके दिवशी आई एकटीच यार्डात आली आणि तिथल्या रखवालदाराला म्हणाली, "ताडपत्री काढा. मी दोघांना कबूल करवलंय, एक आठवडा आखात फिरायचं, पूर्वीसारखं." रखवालदाराने विचारलं, "ते दोघं? एका बोटीत?" तेव्हा ती हसली. "म्हणून तर बोटीत. एवढ्याशा जागेत आठवडाभर किती गप्प बसतील? कुणी ना कुणी तोंड उघडेलच. मला दुसरं काही नको." मला ते ऐकू आलं आणि मीही मनाशी ठरवलं की आपल्याकडून काही कमी पडू द्यायचं नाही.

सुना आल्या नाहीत. थोरलीने रजा नसल्याचं सांगितलं. धाकटी सरळ म्हणाली, "मला बोट लागत नाही, यांचं गप्प बसणं लागतं."

निघालो. थोरला सुकाणूवर, धाकटा काठी घेऊन पुढे, आणि मधल्या पायरीवर आई. रीत तीच, फक्त आता मधे एक माणूस वाढलं होतं. धाकटा म्हणायचा, "आई, त्याला सांग, डावीकडे घे. डोळे असतील तर." आई मागे वळून म्हणायची, "अरे, जरा डावीकडे घे म्हणतो." थोरला म्हणायचा, "त्याला सांग, मला दिसतंय, शहाणपणा नको." आई पुढे वळून म्हणायची, "बघतोय म्हणे तो." दिवसभर तिचं हेच. जाताना तिखट शब्द, पोचताना सौम्य. तिची मान दुखायला लागली, पण तिने निरोप खाली पडू दिला नाही.

मला आशा वाटू लागली, हे मी कबूल करते. बाजाराच्या बंदरात दोघं आपापले उतरले आणि वेगवेगळ्या वाटांनी परत आले. दोघांच्याही हातात आईसाठी संत्री. ती दोन पिशव्या मांडीवर घेऊन बसली आणि तिला हसू आवरेना. मोठ्या नदीत पुलाखाली थोरल्याच्या हातून पाना निसटून पाण्यात गेला आणि त्याच्या तोंडून अशी काही शिवी निघाली, की धाकटा पुढे उभ्या उभ्या खदखदला. थोरल्याचेही खांदे हलले. एकमेकांकडे त्यांनी पाहिलं नाही, पण हसले ते एकाच गोष्टीला. आईने माझ्या कठड्यावर हात ठेवला.

पाचव्या दिवशी आम्ही धाकट्या नदीच्या तोंडाशी होतो. दुपार, ओहोटी लागलेली, ऊन पाण्यावर लखलखत होतं. आई म्हणाली, "मी चहा टाकते, तोवर सांभाळा," आणि खाली माझ्या केबिनमध्ये गेली.

पुढे धाकट्याची काठी गाळात टेकली. त्याने ताबडतोब, मोठ्याने आणि अगदी स्पष्ट सांगितलं, "आई, त्याला सांग, उजवीकडे घे!"

पायरीवर कुणी नव्हतं.

थोरल्याने ते ऐकलं. माझी शपथ घेऊन सांगते, ऐकलं. चाकावरची त्याची बोटं आवळली गेली. त्याने खाली केबिनच्या दाराकडे पाहिलं आणि आईचा आवाज यायची वाट पाहिली. धाकट्याने मागे वळून पाहिलं, त्याला भाऊ दिसला, भावाचं चाक स्थिर दिसलं. त्याने परत हाक मारायला तोंड उघडलं आणि पुन्हा म्हणाला, "आई!"

मी गाळावर चढले. होत्या त्या वेगात चढले आणि एका अंगावर कलंडले. खाली केबिनमध्ये उकळतं पाणी आईच्या डाव्या हातावर सांडलं. ती ओरडली नाही, फक्त माझ्या भिंतीला धरून खाली बसली.

भरती येईपर्यंत आम्ही तसेच तिरपे पडून होतो. आईचा हात गार पाण्याच्या बादलीत होता. दोन मुलगे दोन बाजूंना बसले होते. ती थोरल्याला म्हणाली, "तुला ऐकू आलं नाही?" तो म्हणाला, "आलं. पण त्याने मला कुठे सांगितलं?" ती धाकट्याकडे वळली. "आणि तुला एकदा दादा म्हणता आलं नाही?" तो म्हणाला, "माझं काम मी केलं. मी सांगितलं होतं." तिने दोघांकडे पाहिलं. नवरा गेला तेव्हासुद्धा तिचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

पुढच्या बंदरातल्या दवाखान्यात तिच्या हाताला पट्टी बांधली. बाहेर येऊन ती म्हणाली, "मी बसने घरी जाते." दोघंही एकदम म्हणाले, "मी येतो." ती म्हणाली, "कुणी नको. बोट घरी न्या. दोघांनी मिळून न्या, आणि मला मधे घेऊ नका."

तुम्हाला वाटेल, आता बोलले असतील. मलाही वाटलं होतं. पण माणूस हट्टाला पेटला की त्याला युक्त्या बऱ्या सुचतात. धाकट्याने काठीने माझ्या फळीवर ठोकायला सुरुवात केली. एक ठोका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. थोरल्याला ते न सांगता कळलं, कळणारच, एका आईची लेकरं. आई बसने घरी गेली आणि तिचं काम माझ्या गळ्यात पडलं. परतीची सगळी वाट मी त्यांचे निरोप अंगावर झेलले. पुढच्या टोकाची फळी खोलगट होऊन गेली.

घरी पोचल्यावर माझं काय करायचं हा प्रश्न आला. एकट्याने मला ठेवावं हे दुसऱ्याला चालेना, आणि परक्याला द्यावं हे दोघांनाही चालेना. वकिलामार्फत तोडगा निघाला. इंजिन थोरल्याचं, बोट धाकट्याची. दोघांनीही लगेच मान्य केलं, कारण दोघांनाही दिसत होतं की दुसऱ्याच्या वाट्याला आलेली वस्तू कुचकामी आहे.

आईला कुणी सांगितलं नाही. तिनेच मधे घेऊ नका म्हटलं होतं ना.

यार्डात क्रेन आली. इंजिन माझ्या पोटातून वर काढणं नाजूक काम, चारी बाजूंना बोटभर जागा. धाकटा दोरी धरून आत उतरला, थोरला काठावर वाकला. धाकट्याने ठोकून खूण केली. क्रेनवाला वैतागला. "अहो, ठोकताय काय? बोला! इंजिन सुटलं तर माझ्या माथी येईल."

आणि ते बोलले.

"हळू," धाकटा म्हणाला. "तुझ्याकडची कड लागतेय."

"थांब, मी धरतो. आता?"

"आता ठीक. दादा, पाइप बघ, पाइप अडकलाय."

"बघितला. सुटला."

किती सहज! इतक्या वर्षांच्या अबोल्याचा मागमूस नव्हता. एकाने म्हणावं आणि दुसऱ्याने हात घालावा. ते लहान असल्यापासून मी त्यांना कामं करताना पाहिलंय, इतकं जुळून त्यांनी कधीच केलं नव्हतं. कुठलासा नट थोरल्याच्या चपलेत जाऊन पडला तेव्हा दोघं मोठ्याने हसले. मी आतून रिकामी होत होते आणि ते हसत होते.

रखवालदार भला माणूस. त्याला वाटणीचं काही ठाऊक नव्हतं. त्याने कोपऱ्यात जाऊन आईला फोन केला. "ताई, दोघं आलेत. बोटीचं काहीतरी काम काढलंय. बोलतायत हो एकमेकांशी! हसतायतसुद्धा."

घर जवळच. ती आली ती घरातल्या सपाता घालूनच, स्वेटरची बटणं खालीवर लागलेली. तोवर धाकटा माझ्यातून वर आला होता. ती फाटकाशी आली तेव्हा तिला दोन मुलगे पाठमोरे दिसले, एकाच दोरीवर वाकलेले. धाकटा म्हणत होता, "दादा, अजून थोडं." ती तिथे एक क्षण थांबली. भाजलेल्या हाताची गुलाबी कातडी तिने दुसऱ्या हाताने धरली होती. मग ती चालू लागली.

जवळ आल्यावर तिला इंजिन दिसलं. ते माझ्यावर हवेत लटकत होतं आणि त्यातून काळं तेल ठिबकत होतं.

धाकट्याने तिला पाहिलं, तो खुशीत होता. "आई, बघ, एक ओरखडा नाही."

थोरला म्हणाला, "चला, आता भांडायला काही उरलं नाही."

"हो," आई म्हणाली. "दिसतंय मला."

ते दोघं त्यानंतर एकमेकांशी बोललेले नाहीत. गरज पडली नाही. इंजिन थोरल्याच्या गॅरेजमध्ये घोंगडीखाली आहे. मी यार्डाच्या मागच्या कुंपणाला टेकून आहे. ताडपत्री फाटली, बाकांवरच्या गाद्या कुजल्या, पोटात जिथे इंजिन होतं तिथे गवत आलंय. अधूनमधून कुणी येतं, बोटाने फळी टोचून बघतं आणि निघून जातं.

मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. माझ्या फळ्या काढा, जाळा, त्यावर पाणी तापवा, माझी तक्रार नाही. मागणं एवढंच की ते करताना त्या बाईला बोलावू नका. आपले मुलगे बोलू लागले, असं तिला एकदा वाटलं होतं, आणि ते फाटकापासून माझ्यापर्यंत चालत यायला लागतं तेवढाच वेळ टिकलं. तेवढ्यात ती म्हातारी किती भरभर चालली, ते मी पाहिलंय.