अनसूयामावशीचे चार माग

उकडत्या कोशांचा उग्र, रानवट वास आणि मार्गशीर्षाच्या कोवळ्या उन्हात मांडीवर वळत जाणारा मधाच्या रंगाचा धागा. अनसूयामावशी मला अशीच आठवते. गडचिरोलीकडच्या आमच्या गावात तिच्या घरामागे कोशाचे रेशीम विणणारे चार माग होते. त्यांचा ठेका गल्लीभर ऐकू येई आणि तो जरा मंदावला की मावशीची मान आपोआप तिकडे वळे, पाळण्यातले मूल कण्हल्यावर आईची वळते तशी.

मग पलीकडच्या डोंगरात लोखंडाची खाण सुरू झाली. गावात पैसा आला. कुडाच्या भिंती विटांच्या झाल्या, मुली शहरात शिकायला गेल्या. पण घरभाडे, भाजी, सुताराची मजुरी, गावात मिळणारे सारेच महागले. कोशाच्या कापडाचा भाव मात्र दूरच्या शहरातल्या पेढीवर ठरे आणि त्या पेढीला आमचा डोंगर ठाऊक नव्हता. खनिज सापडलेल्या देशाचे चलन वधारते, त्याचा बाकीचा माल परक्या बाजारात महाग ठरतो आणि कामाचे हात खाणीकडे ओढले जातात, हे मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना फळ्यावर लिहिते. मावशीच्या अंगणात ते देवाजीच्या पावलांनी आले.

देवाजी तिचा सर्वांत जुना विणकर. दारातच मान खाली घालून म्हणाला, "बाई, मले खदानीत काम भेटलं. रागावू नोका."

"राग कायचा, भाऊ? पोरीले शिकवाचं हाय ना तुले? जाय."

मागावरचे अर्धे वस्त्र तिने त्याच्याकडून पुरे करून घेतले आणि त्याच्याच लेकीसाठी त्याच्या हाती ठेवले.

मागोमाग उरलेलेही गेले. तिने मजुरी वाढवून पाहिली, तर कापड महाग पडून विकले जाईना. अखेर मागघरात खाणीचे ट्रकचालक भाड्याने राहू लागले. पाहुण्यांना वाढावी तशा मायेने ती त्यांना गरम भाकरी वाढी. एक माग मात्र तिने ओसरीत हलवला आणि डोळे अंधुक होईपर्यंत एकटीच विणत राहिली. शिकायला कुणी आले नाही.

गेल्या फाल्गुनात ती गेली. देवाजी खाणीच्या गणवेशातच धावत आला. सारे पांगल्यावर तो तिच्या मागाशी बसला, तुटलेला धागा जोडू लागला आणि मध्येच थांबला.

"हात इसरले," एवढेच म्हणाला, आणि तोंड फिरवून रडला.

लोखंड पोटात धरून डोंगर युगानुयुगे थांबू शकतो. माणसाच्या बोटांतली विद्या मात्र एका पिढीचीही वाट पाहत नाही, आणि ती निघून गेल्याचे आपल्याला कळते तेही कुणीतरी कायमचे उठून गेल्यावर.